मागच्या दाराचा दिवा

"भिंतीला एक जरी भोक पडलं, तर बघ," दिगूकाका खालून म्हणाले. "मधली भिंत दोघांची आहे. माझ्या निम्म्या भिंतीला ड्रिल लागलं की मी सरळ चौकीत जाणार."

मी स्टुलावर उभी होते. माझ्या हातात ड्रिल नव्हतं, मोजायची टेप होती.

"भोक पाडणारच नाहीये, काका."

"मग काय फुंकर मारून बसवणार आहेस दिवा?"

"बघालच."

"बघणारच आहे. मी काही आंधळा नाही." मग मान आमच्या दाराकडे वळवून त्यांनी आवाज चढवला. "वहिनी, पोरीला एम.एस्सी. केलंत की वायरमन?"

आई आत भाजी चिरत होती. तिने उत्तर दिलं नाही. ती त्यांना कधीच उत्तर देत नसे, आणि मला त्याचाच राग येई.

सुलभाकाकू धुण्याची बादली घेऊन त्यांच्या मागच्या दारातून बाहेर आली आणि माझ्या डोक्यावरच्या जुन्या, गंजलेल्या बल्बच्या होल्डरकडे बघत म्हणाली, "आणि तो दिवा रात्रभर आमच्या डोळ्यांवर येणार. आमची झोप मोडली म्हणजे?"

"रात्रभर लागणार नाही, काकू. माणूस हलला तरच लागतो."

"म्हणजे?"

"सेन्सर आहे त्याला. अंधार पडल्यावर अंगणात कोणी आलं की आपोआप लागतो. कोणी नसलं की थोड्या वेळाने आपोआप जातो."

काकूच्या हातात पिळलेली साडी होती. ती तशीच धरून ती क्षणभर उभी राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"ऐकलंत का? सामाईक अंगणात आपण पाऊल टाकलं की यांचा दिवा आपल्यावर पहारा करणार. आपल्याच दारात आपण चोर!"

"चोर कोण ते कळेलच," मी म्हणाले.

"जाऊबाई!" काकूने आता थेट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन हाक मारली. "आवरा हिला. एवढं तोंड आमच्या रेणूनेसुद्धा केलं नाही कधी."

रेणूचं नाव निघताच काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली आणि साडी वाळत घालायला लागली.

आमचं घर बार्शीत होतं. आजोबांनी बांधलेलं, स्लॅबचं, साधं चौकोनी. बाबा आणि दिगूकाका यांची वाटणी झाली तेव्हा घराच्या बरोबर मधून विटांची भिंत घातली गेली. पुढची दारं वेगळी झाली, मीटर वेगळे झाले. मागचं अंगण तेवढं सामाईक राहिलं, कारण बोअर तिथे होती आणि ती कापता येत नव्हती. वाटणीनंतर दोन वर्षांनी बाबा गेले. काकांच्या रेणूने त्या आधीच्याच उन्हाळ्यात सोलापूरच्या एका मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा. काकांनी तिचे फोटो भिंतीवरून उतरवले आणि गल्लीत सांगितलं, "मला मूल नाही." काकूचा फोन रोज रात्री ते स्वतः तपासत. रेणू माझ्याच वयाची. तिचा नवा नंबर मी आईकडे मागितला होता. आई म्हणाली, मला काय माहीत.

मला बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि शनिवारी निघायचं होतं. आई एकटी राहणार होती. आणि गेले काही महिने मागच्या अंगणात कोणीतरी येत होतं.

सुट्टीत घरी आल्यावर मी ते स्वतः ऐकलं होतं. दिवेलागणीनंतर, अंधार पडला की कडी सरकल्याचा आवाज. मग चपलांचा, अगदी हलका. एकदा मी दार उघडेपर्यंत कोणी नव्हतं, पण नळाजवळच्या फरशीवर ओले ठसे होते.

"मांजर असेल," आई म्हणाली.

"मांजर चपला घालत नाही."

"मग वाऱ्याने काहीतरी पडलं असेल."

काकांनीही ती पावलं ऐकली होती, आणि त्यांना ती उपयोगी पडत होती. परवाच ते पुढच्या खोलीत येऊन बसले होते. आईने दिलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही.

"वहिनी, शनिवारी ही गेली की तुम्ही एकट्या. मागे रोज कोणीतरी फिरतंय, सगळ्या गल्लीला माहीत आहे. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील. त्यापेक्षा घर मला द्या आणि लेकीबरोबर जा. भाव करणार नाही, वाजवी देईन."

"गल्लीला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"मी. लोकांनी सावध राहायला नको?"

आई कपबशी उचलून आत गेली. ते गेल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं. मागे दिवा बसला, तर तू इथे राहा. नाही बसला, तर माझ्याबरोबर चल आणि हे घर त्यांच्या घशात घाल.

"मी हे घर सोडणार नाही," ती म्हणाली.

"मग दिवा बसेल."

"दिव्यावर किडे येतात. किड्यांमागे पाली येतात."

"आई."

"मला अंधाराची भीती वाटत नाही, ऋजू."

"मला वाटते. तुझ्यासाठी."

त्यानंतर ती दिव्याबद्दल बोलली नाही. तिने मान्य केलं असं मी धरून चालले.

वायरमन मुल्ला येऊन गेले होते. काकांनी त्यांना फाटकातच गाठलं आणि इतकं बोलले की मुल्ला पिशवी उचलून म्हणाले, "ताई, आधी तुमचं भांडण मिटवा, मग मला बोलवा." म्हणून काम माझ्यावर आलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. काकांना तक्रारीला जागा राहणार नाही असं काम करायचं, एवढं मी ठरवलं होतं. भोक नाही, धूळ नाही, त्यांच्या घराची वीज एक मिनिटही घालवायची नाही.

त्यासाठी मी गुरुवार निवडला. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी सगळ्या गावाची लाईट जाते ती संध्याकाळपर्यंत. ज्या दिवशी कोणाकडेच वीज नाही, त्या दिवशी मी कोणाची घालवली असं कोण म्हणणार? आणि भोकाचं म्हणाल, तर आजोबांनी दोन्ही मागच्या दारांच्या मधोमध एक बल्ब लावला होता. वाटणीपासून तो बंद होता. त्याच्या तारा भिंतीतूनच आलेल्या होत्या, होल्डरखालचा लाकडी गट्टूही शाबूत होता. बुधवारी टेस्टर लावून पाहिला. आमच्या स्वयंपाकघरातलं खालचं बटण दाबलं की तिथे वीज येत होती. नवा दिवा त्याच गट्टूवर, त्याच तारांवर बसणार होता. भिंतीला नखही लागणार नव्हतं.

गुरुवारी दहाच्या सुमाराला लाईट गेली. मी तरीही आमचा फ्यूज काढून ओट्यावर ठेवला आणि स्टूल घेऊन बाहेर आले. काकांनी अंगणात खुर्ची टाकली होती. मांडीवर पेपर होता, पण पान उलटत नव्हतं.

"तुझ्या बापालाही अशीच खोड होती," ते म्हणाले. "सगळं स्वतः करायचं. एकदा पंखा लावला, तो जेवताना ताटात पडला."

"पंखा तुम्ही लावला होता. बाबांनी परत बसवला."

"तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?"

"आजी सांगायची."

"आजी तुझ्याच बापाची होती," काका म्हणाले. चूक लक्षात येऊन त्यांनी पेपर झटकला. "म्हणजे, त्याचीच बाजू घ्यायची."

मी होल्डर काढला. मागे तीन तारा होत्या. एक लाल, आमच्या बटणाकडून आलेली. दोन काळ्या, वीज परत नेणाऱ्या, एक आमच्या बाजूने, दुसरी त्यांच्या बाजूने. पूर्वी हा दिवा घराच्या दोन्ही बाजूंनी लागायचा, त्याचा हा अवशेष. कोणीतरी त्या दोन काळ्या तारा एकमेकींपासून तोडून प्रत्येकीवर वेगळी चिकटपट्टी गुंडाळली होती. मला ते अर्धवट काम वाटलं. मी तारा तपासायचा मल्टिमीटर काढून दोन्हींची जोडणी तपासली. काटा सांगत होता की त्या कुठेतरी एकमेकींना मिळालेल्याच आहेत. मग मोकळ्या कशाला ठेवायच्या? मी दोन्ही साफ केल्या, एकत्र पिळल्या, दिव्याच्या काळ्या तारेला जोडल्या आणि वर नवी चिकटपट्टी गुंडाळली. माझ्या मते ते सुंदर काम होतं.

"काही जळलंबिळलं तर मी सोडणार नाही," काका म्हणाले. "आमच्याकडे मुल्लाने नवा बोर्ड बसवलाय. वीज जरा इकडची तिकडे गेली की खटकन बंद. तुमच्यासारखं नाही, फ्यूजला तार गुंडाळून वर्षानुवर्षं."

"तुमच्या बोर्डाला मी हात लावलेला नाही."

"लावून बघ."

"तुम्ही घरात घ्याल तर लावीन."

यावर ते हसले नाहीत. त्यांना हसवण्याचा माझा हेतूही नव्हता. मी दिवा बसवला, स्क्रू आवळले, सेन्सरचं तोंड अंगणाच्या मध्यावर फिरवलं आणि स्टुलावरून उतरून फरशी पुसून घेतली. लाकडाचा भुसासुद्धा ठेवला नाही. काका उठून आले, गट्टूभोवतीच्या भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोट निरखलं आणि खुर्ची उचलून आत गेले. जाताना म्हणाले, "लागल्यावर बघू."

दुपारी आईने एक विलक्षण गोष्ट केली. माझी आई, जिने वाटणीच्या वेळीही आवाज चढवला नव्हता, ती धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली आणि ओरडली.

"सुलभा! आजपासून मागे दिवा लागणार आहे! कोणी आलं की लख्ख दिसणार! नंतर सांगितलं नाही म्हणू नकोस!"

भिंतीपलीकडे भांडी थांबली. मग काकूचा तसाच चढा आवाज आला. "ऐकलं! बहिरी नाही मी!"

"ऐकलंस ना? बरं!"

"दहा दिवे लावा! आमचं काय जातंय!"

आई आत आली तेव्हा तिचा श्वास चढला होता. मी तिला मिठी मारायचीच बाकी होती. "असंच पाहिजे," मी म्हणाले. "तुला हे आधी जमलं असतं, तर निम्मी भांडणं झालीच नसती."

तिने माझ्याकडे बघितलं आणि माठातलं पाणी घेतलं. दोन पेले, लागोपाठ.

उन्हं उतरली तरी लाईट आली नव्हती. आईचा फोन वाजला. तिने नंबर पाहिला आणि फोन घेऊन देवघरात गेली. दार लोटलं. मला फक्त "हो का," "कधी," "बरी आहे ना," एवढं ऐकू आलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. डोळे ओले होते, पण ती रडली होती असं म्हणता येत नव्हतं.

"कोण होतं?"

"ओळखीतलं." ती ओट्यापाशी आली. "ऋजू, आजच्या दिवस तो दिवा राहू दे."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"हे कारण नाही. आज लावून पाहिला नाही आणि तो बिघडला, तर दुरुस्तीला माझ्याकडे दिवसच उरत नाही."

"उद्या लाव. उद्या तू म्हणशील ते करीन."

"रोज हेच. पाली, किडे, उद्या. तू राहायचं म्हणतेस आणि राहण्यासाठी जे करायला हवं ते मला करू देत नाहीस. मग चल माझ्याबरोबर. मी काकांना आत्ता जाऊन सांगते, घर घ्या."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की मीच दचकले. "त्यांना काही सांगायचं नाही."

"मग बटण दाबू दे."

मी फ्यूज परत बसवला आणि बटण दाबून ठेवलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिने फोन पदराच्या घडीत घेतला, कोपऱ्यातली रिकामी स्टीलची बादली उचलली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. नळाखाली बादली आपटल्याचा आवाज आला. बोअर तर विजेशिवाय चालत नव्हती. पाणी येणार नाही हे तिलाही माहीत होतं. तिने बादली परत आपटली.

बाहेर अंधार दाटत होता. मी आत पोळ्यांची कणीक झाकत होते आणि तेवढ्यात लाईट आली. गल्लीत पोरांचा "आली!" असा ओरडा झाला. आमचा फ्रिज गुरगुरला. समोरच्यांचा रेडिओ मध्येच बोलायला लागला.

भिंतीपलीकडून मात्र काही आलं नाही. एरवी या वेळी काकांच्या टीव्हीवरच्या बातम्या आमच्या स्वयंपाकघरात त्यांच्या घराइतक्याच ऐकू यायच्या. आज फक्त एक आवाज आला, "खट्". थोड्या वेळाने पुन्हा, "खट्". मग काका पुढच्या दारात जाऊन कोणालातरी ओरडून विचारताना ऐकू आले, "तुमच्याकडे आली का?"

आणि त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पांढरा प्रकाश पडला.

दिवा लागला होता. आई अंगणात होती, म्हणजे तिच्यामुळेही लागला असेल, हे मला कळत होतं. पण मग ती कडी ऐकू आली. तीच, सरकणारी. मी दाराआडचं धोपाटणं उचललं आणि बाहेर धावले.

अंगणाच्या मध्यावर, मी सेन्सर जिथे रोखला होता बरोबर तिथे, सुलभाकाकू उभी होती. तिच्या कानाला आईचा फोन होता. दुसऱ्या हाताने तिने आईचं मनगट घट्ट धरलं होतं. दिवा इतका स्वच्छ होता की तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता. तिने माझ्या हातातलं धोपाटणं पाहिलं आणि तोंड वळवलं.

"रडतेस कशाला? ऐकतेय मी," ती फोनवर म्हणत होती. "आधी तू पाणी पी. सासूबाई आहेत ना जवळ?" मग फोन जरा दूर धरून ती आईला म्हणाली, "ताई, मुलगी झाली."

आईला ते माहीत होतं. तरीही ती म्हणाली, "हो का गं!"

'ताई'. वाटणी झाल्यापासून मी तिच्या तोंडून 'जाऊबाई'शिवाय काही ऐकलं नव्हतं.

मी धोपाटणं खाली टाकलं. माझ्या डोक्यात तोपर्यंत सगळी पावलं, ओले ठसे, मांजर, पाली आणि आपटलेली रिकामी बादली एका जागी येऊन बसली होती. "काकू, आत या," मी म्हणाले. "दिवा बंद करते. काका येतील."

"दिवा लागणार हे दुपारीच कळलंय मला," ती म्हणाली. "म्हणून आजही यायचं नाही होय?"

काका आलेच. आधी त्यांचा आवाज आला, घराच्या आतून, अंधारातून. "सगळ्या गावाकडे आली आणि आमच्याकडेच नाही! बटण वर केलं की खाली पडतंय! ही त्या पोरीची कारागिरी! कुठाय ती?" मग हातात टॉर्च घेऊन ते मागच्या दारात आले. आमच्या दिव्याच्या उजेडात तो टॉर्च लागलाय की नाही हेही कळत नव्हतं.

ते पायरीवर थांबले. काकूने त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन कानालाच ठेवला.

"कोणाचा फोन आहे?"

काकूने आईचं मनगट सोडलं.

"सुलभा, कोणाचा फोन?"

काकूने मोकळा तळवा त्यांच्याकडे केला, लहान मुलाला थांबवतात तसा.

"वहिनी?"

माझ्या आईने त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना उत्तर दिलं. "रेणूला मुलगी झाली, भावोजी. दुपारी. दोघी बऱ्या आहेत."

काकांच्या हातातला टॉर्च खाली झाला. मग म्हणाले, "किती दिवस चाललंय हे?"

"तुम्ही पावलं ऐकताय ना, तेवढे दिवस."

"माझ्या घरात राहून..."

"तुमच्या घरात नाही. सामाईक अंगणात." आईचा आवाज जराही चढला नव्हता. "आणि घराचं विचारत होतात, तर मी कुठेही जात नाहीये."

काकांनी आईकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. ज्या चोराचा त्यांनी गल्लीभर डांगोरा पिटला होता, तो त्यांच्या घरात रोज पोळ्या लाटत होता. हे त्यांना कळलं तो क्षण मी पाहिला. पण त्यांना रागवायला कोणीतरी हवं होतं, आणि मी समोर होते.

"माझी लाईट कुठे आहे?"

एव्हाना मला तेही कळलं होतं. त्या दोन काळ्या तारा कोणी आळशीपणाने तोडलेल्या नव्हत्या. घरं वेगळी झाल्यावर त्या वेगळ्या ठेवायच्याच असतात. मल्टिमीटरने मला त्या जोडलेल्या दाखवल्या, कारण दोन्ही घरांच्या तारा शेवटी बाहेर खांबावर एकत्र होतात. भिंतीत मी त्यांना पुन्हा एकत्र केलं होतं. आता काकांच्या घरातून गेलेली वीज थोडी त्यांच्या तारेतून आणि थोडी आमच्या तारेतून परत जात होती, आणि तो नवा बोर्ड एवढाच हिशेब बघतो. गेली तेवढी परत आली नाही, तर बंद.

"तुमची आणि आमची तार मी एकत्र जोडली," मी म्हणाले. "वेगळी करावी लागेल."

"आपल्यात काही एकत्र नाही!"

"तार आहे, काका."

"तोड मग!"

"आमचा फ्यूज काढावा लागेल. हा दिवा जाईल."

"जाऊ दे! आत्ताच्या आत्ता तोड!"

मी आत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड आणली. स्टूल दिव्याखाली सरकवलं. फ्यूज काढायला पुन्हा दाराकडे वळले, तेव्हा काकूने फोन कानापासून दूर केला.

"ऋजू, थांब. माझं बोलणं होऊ दे."

"सुलभा," काका म्हणाले, "घरात अंधार आहे."

"असू दे की. सकाळपासून होताच."

आणि ती धुण्याच्या दगडावर बसली, दिव्याच्या बरोबर खाली. आई तिच्याशेजारी बसली.

काका आत गेले. "खट्" असा आवाज आला. लगेच दुसरा, बटण खाली पडल्याचा. ते पुन्हा वर करत होते. पुन्हा पडत होतं. बऱ्याच वेळा झालं. मग ते थांबलं.

फोनला आवाज कमी येत असावा. काकू पलीकडचं प्रत्येक उत्तर खात्रीसाठी मोठ्याने परत म्हणत होती. "तीन किलोला थोडं कमी? चांगलं आहे की. केस खूप आहेत? अगं, तुझेही होते. दूध पितेय? पितेय म्हणते, ताई."

मी पक्कड हातात घेऊन स्टुलाजवळ उभी होते. काका केव्हा परत आले ते मला कळलं नाही. त्यांच्या मागच्या दारात, उजेड संपत होता तिथे, चौकटीला हात लावून ते उभे होते. टॉर्च त्यांनी विझवला होता. मला वाटलं ते मला घाई करतील. त्यांनी केली नाही.

"आणि गं," काकूने विचारलं, "तोंडावळा कोणाचा आहे?"

पलीकडे रेणू बराच वेळ बोलत होती. काकू ऐकत होती. तिने मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. काका चौकटीतून अर्धं पाऊल पुढे आले होते.

काकूने ते उत्तर मोठ्याने परत म्हटलं नाही.